झाडेभाऊंचं तोंड

मारोती झाडेंची आठवण आली की मला आधी वास येतो. ओल्या सुपारीचा, चुन्याचा, तंबाखूचा, आणि त्यात मिसळलेला उन्हात तापलेल्या बसच्या सीटचा. चेहरा त्याच्या मागून येतो. एखाद्या माणसाची अशी आठवण ठेवू नये हे मला कळतं. पण सहा वर्षं दर रविवारी मी त्या वासाच्या शेजारी बसून गडचांदूरहून चंद्रपूरला गेले, आणि त्याच वासाच्या शेजारी उभी राहून गायले. नाकाला शिकवलेलं विसरता येत नाही.

आमच्याकडे खर्रा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळतो. शिपाई खातो, मुख्याध्यापक खातात, लग्नात नवरदेव खातो, मयतीला आलेले लोक सरणाकडे पाठ करून खातात. आणि सगळे थुंकतात. आमच्या शाळेच्या जिन्याचा कोपरा आम्ही दर दिवाळीला रंगवतो आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा लाल होतो. इतक्या वर्षांत मला याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. उलट माझी किळस वाढत गेली, आणि ती वाढवण्यात सगळ्यात मोठा वाटा झाडेभाऊंचा, ज्यांच्याइतका तालाचा पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते मूळचे जिवतीच्या डोंगरावरचे. गडचांदूरला बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. मी त्याच गावात शाळेत शिकवते. एका उन्हाळ्यात शाळेच्या बोअरची मोटार बंद पडली, तेव्हा शिपाई त्यांना बोलावून घेऊन आला. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा माणूस, अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. पंप दुरुस्त करणाऱ्याच्या अंगावर असा शर्ट मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी मोटारीला हातसुद्धा लावला नाही. मला विचारलं, "बाई, मोटार आवाज कसा करते?"

"बंद आहे ना ती."

"बंद व्हाच्या आधी कशी करे?"

मी म्हणाले, "घर्र घर्र करायची."

"छ्या!" त्यांनी तोंड असं केलं जणू मी त्यांना शिळं वाढलं. "घर्र घर्र त ट्रकबी करते. नीट आठवा." मग त्यांनी ओठ मिटले आणि त्यांच्या तोंडातून मोटार सुरू झाली. एक आवाज, मग दुसरा. तिसऱ्याला शिपाई ओरडला, "हाच! हाच होता!"

"बेरिंग गेली," झाडेभाऊ म्हणाले आणि अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर पचकन थुंकले. कौतुक आणि किळस मला त्या माणसाबद्दल एकाच मिनिटात वाटली, आणि पुढेही ती कायम जोडीनेच वाटत राहिली.

त्याच दिवसांत चंद्रपूरला विश्वास सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. सर गाण्याचा क्लास चालवायचे. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांनी मोबाइलवर बाहेरच्या देशातले काही चमू पाहिले होते. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. पाच-सहा माणसं उभी राहतात आणि सगळं संगीत गळ्यातून काढतात. अकापेला म्हणतात त्याला. सरांनी आम्हा चौघांना गोळा केलं, चार आवाजांत गाणी बसवली आणि चमूचं नाव ठेवलं 'नुसते गळे'. सूर जमत होते, पण ताल सुटत होता. तालासाठी सरांनी कॉलेजातला एक तरुण आणून पाहिला. तो टोपी उलटी घालून फुर्र-फुर्र करायचा आणि आमचं भजन त्याच्या मागे धावायचं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे एक मोटारपंपवाला आहे.

पहिल्या रविवारी झाडेभाऊ क्लासमध्ये आले, भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून आमचं गाणं पूर्ण ऐकलं. मग उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, निघून गेले. बाहेरून थुंकल्याचा आवाज आला. परत येऊन ते म्हणाले, "तुमी चौघं चार दिशेले जाऊन राह्यले. मधात खुटा पायजे." आणि माइकसुद्धा न घेता त्यांनी ठेका धरला.

ओठांनी 'ढम', दातांमधून 'चिस', टाळूला जीभ लावून 'कट्', आणि गाल फुगवून एक पाण्यात दगड पडल्यासारखा 'बुडुक', जो मी नंतर कधीच कुणाच्या तोंडून ऐकला नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी डोंगरावर दिवाळीत दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघायची तेव्हा गोंडांच्या ढोलामागे दिवसदिवस फिरायचे. पुढे काही वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत पडद्यामागे उभे राहून घोडे, पाऊस, गाडी, बंदूक सगळं तोंडाने केलं. एका गावात तबलजी आलाच नाही, तर अख्खं नाटक यांनी तोंडानेच वाजवलं. "हवा पोटातून येते बाई," ते मला सांगायचे. "ओठ नुसतं दार हाय. लोक दारालेच घर समजतात."

माणूस मात्र सोसायला कठीण. त्यांना जगातल्या बहुतेक गोष्टींची शिसारी होती. डीजेच्या गाडीजवळून गेले तर कानांत बोटं घालून, तोंड वाकडं करून जायचे. लग्नात जेवत नसत, कारण एकदा वाढणाऱ्याचा अंगठा वरणात बुडालेला पाहिला होता. दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी पीत नसत. पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असायचा, फडक्यात गुंडाळलेला. कुणी गाताना मात्रा खाल्ली की "छ्या! हा ताल हाय का चिखल?" आणि हे सगळं बोलायचं ते तोंड! गालाच्या आत एका बाजूला फुगवटा, दात विटेच्या रंगाचे, ओठांच्या कोपऱ्यात सुकलेली लाल रेघ. खिशातल्या पांढऱ्या रुमालावर तपकिरी ठिपके. एवढा टापटिपीचा माणूस आपल्या तोंडाची अशी मोरी कशी करू शकतो, हे मला कधी समजलं नाही.

मी चमूत मधला आवाज गायची आणि माझी जागा त्यांच्या डाव्या हाताला होती. 'चिस' आणि 'कट्' करताना तुषार उडतात, ते कुणाचेही उडतात. पण यांचे लाल उडायचे. माइकवर स्पंजची टोपी असते. कार्यक्रम झाला की यांच्या टोपीला हात लावायला कुणी तयार नसायचं. बाकीचे तिघं वायरी गुंडाळण्यात फार गुंतून जायचे. शेवटी ती टोपी मीच दोन बोटांत धरून न्यायची आणि जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायची. पाणी गुलाबी व्हायचं. एकदा मी ते पाणी ओतता ओतता तिथेच ओकले. परत आले तर झाडेभाऊ दारात उभे.

"बाई, तुमाले माझी किळस येते न?"

मी म्हणाले, "येते."

"मलेबी येते," ते म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल. पण ते पुढे म्हणाले, "सगळ्यायचीच येते. तुमच्या त्या विश्वास सराची नखं पाह्यली का?" आणि पेला फडक्यात गुंडाळून बसकडे निघाले.

लोकही काही कमी नव्हते. आम्ही महिनामहिना घासून एखादं गाणं बसवावं आणि खालून आवाज यावा, "भाऊ, कुत्रा करून दाखवा! रेल्वे करून दाखवा!" आयोजकसुद्धा तेच सांगायचे. झाडेभाऊ माइकवरून स्पष्ट विचारायचे, "मी माकडवाला हाव का?" लोक त्यालाही हसायचे. कार्यक्रम झाल्यावर त्याच लोकांतले चार जण खर्ऱ्याची पन्नी पुढे करायचे. हार नाही, नारळ नाही, पन्नी. घ्या भाऊ, घ्या न, तुमच्यासाठी खास. आणि भाऊ घ्यायचे. आमच्या भागात कलावंतावर प्रेम करायची हीच एक रीत आहे की काय, असं मला वाटायचं.

राजुऱ्याचा एक कार्यक्रम मात्र मी विसरणार नाही. दुपारची वेळ, एका शाळेचं सभागृह, माणसं दाटीवाटीने बसलेली. दुसऱ्या गाण्यातच वीज गेली. पंखे थांबले, माइक मेले. आम्ही गायचं थांबणार तेवढ्यात झाडेभाऊ एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी 'ढम' मोठा केला. नुसत्या ओठांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आम्ही चौघं त्याला धरून गात राहिलो. घामाने निथळणारे दोन-तीनशे लोक, पण हातातली पत्रिका कुणी हलवली नाही. गाणं संपलं तेव्हा एक म्हातारे तबलजी काठी टेकत स्टेजवर आले आणि पडद्यामागे वाकून पाहू लागले.

"तबला कुठी लपवला?" त्यांनी विचारलं.

झाडेभाऊंनी तोंड उघडलं. "इथी."

म्हातारे कौतुकाने जवळ गेले, आत पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले. मी झाडेभाऊंकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं होतं आणि ते शर्टाची बाही सारखी करत होते.

यानंतर मला जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही.

गडचिरोलीला एका संस्थेने व्यसनमुक्तीचा मेळावा ठेवला होता. विश्वास सरांनी खर्रा सोडा असं सांगणारं गाणं बांधलं. झाडेभाऊंनी त्याला असा काही ठेका दिला की ऐकणाऱ्याने खरंच सोडावा. मी त्यांना म्हटलं, भाऊ, निदान या दिवशी तरी तोंड कोरं ठेवा, समोर मुली बसणार आहेत, दवाखान्यातले लोक बसणार आहेत. त्यांनी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांनी माझ्या सांगण्याच्याही आधी, आठवडाभरापासून सोडला होता. ते मला त्या दिवशी सकाळी तिथे पोचल्यावर कळलं, कारण माणूस ओळखू येत नव्हता. हात थरथरत होते. एका जागी बसवेना. तालीम घेतली तर 'ढम' उशिरा पडत होता आणि 'चिस' विसरत होता. ज्या माणसाने इतक्या वर्षांत एक मात्रा चुकवली नाही, तो चार ओळींत तीनदा घसरला. स्वतःच थांबला आणि म्हणाला, "छ्या. आजचा दिवस जाऊ द्या सर. मले जमून नाई राह्यलं."

मंडप भरला होता. मोठे पाहुणे आले होते. सर माझ्याकडे बघायला लागले. मी पर्स घेतली, मंडपाच्या मागच्या बाजूने बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि ठेल्यावर जाऊन पुडी मागितली. ठेलेवाल्याने माझी साडी पाहिली, छातीवरचा व्यसनमुक्तीचा बिल्ला पाहिला आणि हसला. मी तो बिल्ला काढायला विसरले होते. ती पुडी मी झाडेभाऊंच्या हातात ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाठ फिरवून तोंडात टाकली, पाच मिनिटं डोळे मिटून बसले, आणि त्यांचे हात शांत झाले.

कार्यक्रम अप्रतिम झाला. लोक उभे राहिले. एका बाईंनी माइकवर येऊन रडत सांगितलं की या गाण्याने माझे डोळे उघडले. मी स्टेजवर हात जोडून उभी होते आणि माझ्या उजव्या गालावर त्यांचा एक बारीक लाल थेंब होता. घरी जाऊन मी तोंड साबणाने इतकं घासलं की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींनी विचारलं, बाई, तुमच्या गालाला काय झालं?

त्यानंतर वर्षभरातच ते सुरू झालं. आधी मला बसमध्ये दिसलं. राजुऱ्याला बस थांबली की झाडेभाऊ आलुबोंडा घ्यायचे. आता ते त्याचे सुपारीएवढे तुकडे करून दातांच्या फटीतून आत सारू लागले. मिरची लागली की डोळ्यांतून पाणी. मग तालमीत 'बुडुक' गेला. गालच फुगेनात. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणाले, "या गाण्यात तो चांगला नाई वाटत, काढून टाकू." पुढच्या महिन्यात शीळ गेली. मग 'कट्' बोथट झाला, कारण जीभ टाळूपर्यंत नीट जाईना. एकेक आवाज ते असा काढून टाकत गेले जणू गाण्याचीच शोभा वाढवताहेत. आम्हीही मान डोलावत गेलो. सगळ्यांना कळत होतं आणि सगळे मान डोलावत होतो.

एके दिवशी त्यांची बायको कमल शाळेत आली. कमल कमी बोलणारी बाई. पदराने घाम पुसला आणि सरळ म्हणाली, "बाई, यायचं तोंड आवळून राह्यलं. तीन बोटं जात होते, आता दीड जाते. डॉक्टर म्हनते, खर्रा बंद करा आन् आइसक्रीमच्या काड्या दातात धरून रोज एकेक काडी वाढवा."

"मग करतात का?"

"काड्या धरते न. खर्रा खाऊन धरते."

मी त्यांना जाऊन जाब विचारला. ते दुकानात एका पंपाचं झाकण उघडत होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बाई, तुमी माझे आवाज शिकून घ्या."

तीन महिने मी शिकले. शाळा सुटल्यावर, त्यांच्या दुकानात, ग्रीसच्या डब्यांमध्ये बसून. कमल बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. ओठ किती आवळायचे, हवा कुठून तोडायची, थुंकी जिभेखाली कशी धरायची. हे शिकणं फार गलिच्छ असतं. हनुवटीवरून लाळ गळते, गालात बोट घालून आतला पोकळपणा चाचपावा लागतो. मला पहिल्या दिवशी उलटी आली. ते म्हणाले, "येऊ द्या. मलेबी आली होती." स्वतः ते आता आवाज काढून दाखवू शकत नव्हते, म्हणून पान्याने पत्र्यावर, डब्यावर, रबरावर वाजवून दाखवायचे: असा पायजे, असा नाई. शिकवताना मात्र ते कधी चिडले नाहीत. पण मधूनच उठून बाहेर जायचे. थुंकल्याचा आवाज यायचा, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटायचं.

मला वाटत होतं की मी त्यांची जागा घेण्यासाठी शिकते आहे. विश्वास सरांच्या मनात वेगळंच होतं.

चंद्रपूरला मोठा महोत्सव होता. बाहेरचे परीक्षक येणार होते, वाहिनीचे कॅमेरे येणार होते. आमच्या चमूची ओळखच मुळी तोंडाने ताल धरणारा मोटारपंपवाला अशी झाली होती. पत्रिकेवर झाडेभाऊंचा फोटो सगळ्यात मोठा. सर म्हणाले, झाडेभाऊ पुढे उभे राहतील, माइक तोंडाशी धरतील, तो माइक बंद असेल. सुनंदा, तू मागे उभी राहून ताल धरशील. कुणाला कळणार आहे?

मी झाडेभाऊंकडे पाहिलं. माझी खात्री होती की ते आता "छ्या" म्हणतील. मात्रा खाल्ली तर ज्याला शिळं वाढल्यासारखं व्हायचं, तो माणूस हे कसं खपवून घेईल? ते जमिनीकडे बघत म्हणाले, "चालते."

आणि चाललं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. माइक ओठांशी धरला होता आणि माझ्या प्रत्येक 'ढम'वर ते मान अशी हलवत होते की मलाच क्षणभर वाटलं, आवाज तिकडूनच येतो आहे. टाळ्या थांबेनात. एका तरुण बाईने स्टेजवर येऊन त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग वाहिनीची मुलगी जवळ आली आणि तिने आपला माइक पुढे केला. "सर, आमच्या प्रेक्षकांसाठी फक्त अर्धा मिनिट करून दाखवा ना."

तो माइक चालू होता.

झाडेभाऊंनी ओठ मिटले. मी मागे उभी होते, मला त्यांची मान दिसत होती. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. आवाज आला तो फुटक्या ट्यूबमधून हवा जावी तसा, आणि त्याबरोबर थोडी लाल थुंकी त्या मुलीच्या माइकवर. ती दचकून मागे सरली. विश्वास सर हसत पुढे झाले, "आज घसा बसलाय त्यांचा, दिवसभर तालीम चालली ना," आणि तिला खांद्याला धरून दुसरीकडे घेऊन गेले. तिने जाता जाता माइक ओढणीला पुसला आणि मग त्या ओढणीकडे पाहिलं.

मी मंडपाच्या मागे जाऊन बसले. माझा जबडा दुखत होता. थोड्या वेळाने झाडेभाऊ आले. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे. माफी म्हणा, रडणं म्हणा. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, दुसऱ्या गाण्यात तुमचा ढम पोकळ पडला."

माझं डोकं फिरलं. मी उठून त्यांच्यापुढे उभी राहिले. "आ करा," मी म्हणाले.

"काऊन?"

"आ करा म्हणते ना!" वर्गातल्या मुलांवरही मी कधी अशी ओरडले नाही. "माझा ढम पोकळ काय? दाखवा तुमचा. उघडा तोंड!"

त्यांनी खरंच उघडायचा प्रयत्न केला. ओठ फाकले, दात जेमतेम बोटभर विलग झाले आणि तिथेच अडकले. डोळे माझ्यावर होते. त्या फटीतून आतला पांढरट पडलेला गाल दिसत होता, दोरखंडासारखा ताठ. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला त्यांची किळस आली, सरांची आली, त्या टाळ्यांची आली, आणि सगळ्यात जास्त, रस्ता ओलांडून ठेल्यावर गेलेल्या माझ्या पायांची आली. मी पर्स उचलली आणि एकटीच बसस्टँडवर गेले.

'नुसते गळे' त्यानंतर फार दिवस टिकला नाही. सरांनी मला दोनदा फोन केला. मी शाळेचं कारण सांगितलं. झाडेभाऊंचं दुकान काही महिने अर्ध्या दिवसापुरतं उघडायचं, मग बंदच झालं. कमल एकदा बाजारात भेटली. म्हणाली, नागपुरात ऑपरेशन केलं, थोडं उघडलं होतं, पुन्हा आवळलं. ती आणि ते आता तिच्या भावाकडे जाणार होते. भाऊ एटापल्लीकडे खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. "तिकडं काई ना काई मिळून जाईन," ती म्हणाली. मी तिला दोन पालकाच्या जुड्या घेऊन दिल्या. आणखी काय द्यावं ते मला सुचलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला एटापल्लीला जावं लागलं. आलापल्ली सोडल्यावर थोड्याच वेळात बस थांबली. पुढे सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीतून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्याकडेची सागाची पानं, झोपड्या, विजेचे खांब, सगळ्यावर लाल धुळीचा थर. खिडकी बंद केली तर गुदमरायला होत होतं, उघडली तर दातांत धूळ येत होती. माझ्या खिडकीच्या अगदी समोर एक ठेला होता. बांबूचे चार खांब, वर हिरवी जाळी, आणि आत पांढरा शर्ट घातलेला माणूस. शर्टही आता पांढरा राहिला नव्हता.

त्यांनीच मला आधी ओळखलं. ठेल्यातून बाहेर येऊन खिडकीखाली उभे राहिले. गाल आत गेले होते. बोलायला लागले तर शब्द दातांमागून झिरपल्यासारखे येत होते, नीट कान दिला तरच कळत होते.

"बाई, उतरा न. चहा घ्या. गाडी अर्धा घंटा हालत नाई."

"नको," मी म्हणाले. "कमल कशी आहे?"

"चांगली हाय. भावाच्या लेकरायले पाह्यते."

"आणि तुम्ही? खाता अजून?"

"आता तोंडात जात नाई. भाताची पेजच जाते." त्यांनी मागे ठेल्याकडे हात केला. "लोकायले बनवून देतो."

मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला लाज वाटत नाही का हो? स्वतःचं तोंड असं झालं, आणि तेच लोकांच्या तोंडात घालता?"

त्यांनी रागावायला हवं होतं. पण ते खिडकीच्या आणखी जवळ आले, एखादी चांगली बातमी सांगावी तसे. "खर्रा घोटाची मशीन आली हाय बाई आता. पुढच्या ठेल्यावर हाय. पन डायवर लोक तिथी जात नाईत. माझ्याच हातचा मांगतात. म्हनतात, झाडेभाऊच्या हाताले ठेका हाय."

ट्रकमधून उतरलेला एक ड्रायव्हर ठेल्याशी येऊन उभा राहिला होता. त्याने हाक मारली. झाडेभाऊ मला हात जोडून परत गेले. पन्नीत सुपारी-तंबाखू घेतली, चुना लावला, पन्नी लाकडी पाटीवर ठेवली आणि तळहाताने घोटायला लागले. घस्-घस्, घसघस-घस्. मध्येच बोटांनी पाटीवर एक टिचकी. मग पुन्हा घस्-घस्. ड्रायव्हर मान हलवत होता. रांगेत आणखी दोघे येऊन उभे राहिले. झाडेभाऊंनी डोळे मिटले होते.

मी खिडकीतून नजर काढून समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत बसले. कानाला आवाज येतच होता. बऱ्याच वेळाने माझ्या शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं आणि खाली बोट दाखवलं. माझा उजवा पाय बसच्या पत्र्यावर समेला बरोबर पडत होता. मी तो डाव्या पायाखाली दाबला आणि बस सुटेपर्यंत तसाच दाबून धरला.